जाड तार, बारीक तार

आमच्या घरातल्या चाकांच्या तीन पिढ्या मी बघितल्या. आजोबांच्या बैलगाडीचं लाकडी चाक, वडलांच्या हर्क्युलस सायकलीचं तारांचं चाक आणि आता सूनबाईच्या विजेवरच्या सायकलीचं, मोटर बसवलेलं चाक. पहिल्या दोन चाकांचं दुखणं ओळखणारी आणि बरं करणारी माणसं गावात होती. तिसऱ्याबद्दल पारावरचा जो तो सांगत होता आणि प्रत्येकाचं वेगळं. त्यात आमचं वर्ष गेलं. म्हणून जे कळलं ते लिहून ठेवतो आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ही सायकल घ्यायची वेळ का आली ते आधी सांगतो. आमची वस्ती खटाव तालुक्यात, गावापासून चार किलोमीटर आत. मुलगा नवी मुंबईच्या मार्केटला माथाडीत आहे. इथं मी, आमची मंडळी आणि सूनबाई. तीन संकरित गायी. सकाळी बावीस-चोवीस लिटर दूध निघतं, संध्याकाळी थोडं कमी. गावातल्या डेअरीचं माप सकाळी साडेसातला बंद होतं. पूर्वी शेजारच्या वस्तीवरचा पोरगा त्याच्या मोटारसायकलवरून आमच्या किटल्या न्यायचा. त्याला ताप आला की आमचं दूध घरात. त्याच्या पाहुण्यात लग्न निघालं की आमचं दूध घरात. मापाची पावती, फॅटचा आकडा, दहा दिवसांचं बिल, पेंडीचं पोतं, सगळं त्याच्या हातून. सूनबाईला ते खटकायचं, पण बोलायची नाही. मला गुडघ्यामुळं साधी सायकल मारणं होत नाही. मोटारसायकल घ्यायची तर तिच्याकडं लायसन नाही. विजेवरच्या सायकलीची मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला असला, की लायसन लागत नाही आणि पासिंगही लागत नाही. मुलानं बोनसच्या पैशात भर घालून ती आणली. पंधरा दिवसांत सूनबाई दोन्ही वेळचं दूध स्वतः न्यायला लागली. "मामा, आता फॅटचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत पडतो," म्हणाली. त्या महिन्यात आमचं फॅटही थोडं वाढलं! गायी त्याच, पेंड तीच.

अडीच महिने बरे गेले. मग मागच्या चाकाची पहिली तार तुटली.

तार तुटते तेव्हा टणकन् आवाज होतो आणि चार फेऱ्यांत चाक डुलायला लागतं. गावातल्या पंक्चरवाल्यानं नवी तार घातली. आठवड्यात दुसरी तुटली, तिच्या शेजारची. मग तिसरी. तिसरी तुटली ती ओढ्याच्या चढाला, सकाळी सव्वासातला. चाक चिमट्याला घासायला लागलं, सायकल ढकलत ती गावात पोचेपर्यंत माप बंद. बावीस लिटर दूध परत आलं. आमच्या मंडळींनी दिवसभर चुलीपुढं बसून त्याचा खवा आटवला. त्या रात्री शेजारच्या वस्तीवरचा पोरगा मुद्दाम येऊन गेला. "मी हायेच की आप्पा," म्हणाला. सूनबाई आतनं ऐकत होती.

तुटलेल्या तिन्ही तारा मी ठेवून दिल्या होत्या. तिन्ही एकाच जागी तुटलेल्या. तारेचं डोकं चाकाच्या मधल्या गाभ्यात अडकतं, त्याला शहरात हब म्हणतात, आम्ही बैलगाडीच्या सवयीनं तुंबाच म्हणतो. डोक्यापासून तार जिथं काटकोनात वळते, त्या वळणावर बरोबर तुकडा पडलेला. ताणून तुटलेली तार तुटताना लांबते आणि बारीक होते. ही तशी नव्हती. आपण पक्कड नसली की बांधायची तार मागंपुढं वाकवून वाकवून तोडतो, तशी होती.

मुलगा सुट्टीवर आला तेव्हा चाक घेऊन जिल्ह्याच्या गावी गेला. तिथल्या एका मोठ्या दुकानात सांगितलं, वजन पेलत नाही, तारा जाड टाका. तारांच्या नंबराची उलटी तऱ्हा असते. नंबर वाढला की तार बारीक. साध्या सायकलीला चौदा नंबर, म्हणजे २ मिलिमीटर. त्यांनी बारा नंबरच्या टाकल्या, म्हणजे २.६ मिलिमीटर. रिंगेची भोकं ड्रिलनं मोठी केली. दिसायला चाक असं दणकट की बघणाऱ्यानं म्हणावं, आता हत्ती बसवा. मला ते चाक हातात घेतल्यापासून आवडलं नव्हतं, कारण हातानं दाबलं की काही तारा हलत होत्या. एवढी जाड तार हलते कशी? पण मुलाची सुट्टी संपली होती आणि दूध थांबत नाही.

दीड महिन्यात तारा पुन्हा तुटायला लागल्या. आता तुंब्याजवळ नाही, वरच्या अंगाला, निपलच्या आट्यांत. आणि रिंगेला दोन भोकांच्या कडेनं केसासारख्या चिरा गेल्या. म्हणजे आधी नुसती तार जात होती, आता रिंगही गेली.

तेव्हा मला वडूजचे चाचा आठवले. बाजारपेठेच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान. वडलांच्या हर्क्युलसची चाकं तेच बांधायचे. तेव्हा ते ऐन उमेदीतले होते, आता अठ्ठ्याहत्तरीला आले आहेत. मुलं मोटारसायकलच्या गॅरेजात गेली. दुकान उघडतात ते सवयीनं. त्या जुन्या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असायच्या आणि मागच्याला ४०, कारण भार मागं. मागं कॅरिअरवर ज्वारीचं पोतं, पुढच्या नळीवर मी, असे वडील वडूजच्या बाजाराला यायचे. एवढं वजन नेऊन त्या चाकाची तार तुटलेली मला आठवत नाही. आणि त्या तारा चौदा नंबरच्याच होत्या.

चाचांनी आमचं चाक हातात घेतलं आणि आधी काहीच विचारलं नाही. नखानं एकेक तार छेडत चाक गोल फिरवलं. भजनात विणेकरी सुरुवातीला तारा बघतो तसं. काही तारा टण् वाजल्या, काही टक् वाजल्या, काहींचा तर आवाजच नाही.

"आप्पा, ह्या चाकात धा तारा काम करत्यात," ते म्हणाले. "बाकीच्या नुसता पगार खात्यात."

"पण जाड हैत की."

"जाड हैत म्हणूनच."

हे जाड-बारीक मला कळायला वेळ लागला. ते समजावं म्हणून आधी बैलगाडीच्या चाकाचं सांगतो, कारण ते मी लहानपणापासून बघितलेलं. सुतार बाभळीचं चाक करायचा. मधे तुंबा, त्यात बसवलेले मनगटाएवढे आरे, आऱ्यांवर पाटे आणि सगळ्यावर लोखंडी धाव. धाव मुद्दाम थोडी लहान करायची, शेणींच्या जाळात लाल करायची, फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते आणि सगळे सांधे करकचून बसतात. या चाकात भार कसा जातो? जो आरा खाली येईल तो खांबासारखा उभा राहून गाडी उचलतो. तिथं जाड आरा म्हणजे मजबूत आरा, यात वाद नाही.

सायकलीची तार खांबासारखी उभी राहूच शकत नाही. वरून दाबली की वाकणार. तिला फक्त ओढता येतं. म्हणून सायकलीच्या चाकात सगळ्या तारा चाकावर कुणी बसायच्या आधीपासूनच रिंगेला आत ओढून धरतात. चांगल्या बांधलेल्या चाकातली एकेक तार शंभर किलोच्या आसपास ओढलेली असते. ३६ तारांचा हिशेब करा, साडेतीन टनांच्या वर झाला. एवढ्या जोरानं ती बारीकशी रिंग चहूबाजूंनी आवळलेली असते आणि सायकल भिंतीला शांत टेकून उभी असते. बघणाऱ्याला पत्ता नसतो.

आता वर वजन बसलं की काय होतं? मला वाटायचं, तुंबा वरच्या तारांना लोंबकळत असेल. चाचा म्हणाले, वाटतं कशाला, बघा. त्यांनी दुसऱ्या एका नीट बांधलेल्या सायकलीवर सूनबाईला बसवलं, मला हँडल धरायला लावलं आणि खाली बसून तारा छेडल्या. वरच्या तारांच्या आवाजात मला काही फरक कळला नाही. आडव्या तारांतही नाही. पण जमिनीकडच्या तीन-चार तारांचा आवाज एकदम उतरला. ती खाली उतरली की तो पुन्हा चढला. पाच वेळा करून बघितलं, पाची वेळा तेच. म्हणजे भार पेलताना तार जास्त ताणली जात नाही, उलट खालच्या तारेचा ताण कमी होतो. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला की जॉब्स्ट ब्रँट नावाच्या इंजिनिअरनं १९८१ साली सायकलच्या चाकावर सबंध पुस्तक लिहिलं आणि त्यात हेच गणितानं दाखवलं आहे. चाचांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही.

म्हणजे चाक फिरतं तशी प्रत्येक तार खाली आली की सैल होते, वर गेली की पुन्हा ताणते. सव्वीस इंची चाकाचा घेर दोन मीटरच्या थोडा वर. एका किलोमीटरला पावणेपाचशेच्या वर फेरे. वस्ती ते डेअरी जाऊन-येऊन आठ किलोमीटर, दिवसाचे दोन खेपांचे सोळा. म्हणजे दिवसाला साडेसात हजारांच्या वर हेलकावे एकेका तारेला. महिन्याचे सव्वादोन लाख. बांधायची तार आपण वाकवून तोडतो म्हटलं ना, ते हेच. तार वजनानं तुटत नाही, सैल-घट्ट होऊन होऊन तुटते.

आणि इथं जाड तारेचं गुपित आहे. तार ताणली की किंचित लांबते, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, पण लांबते. बारीक तार तेवढ्याच ओढीला जास्त लांबते, जाड तार कमी. चाक दगडावर आदळून रिंग खाली थोडी दबली, तर बारीक तारेजवळ लांबलेलं असतं त्यातलं थोडं ती परत घेते आणि तरी ताणलेलीच राहते. जाड तारेजवळ परत घ्यायला काही नसतं. ती लगेच ढिली पडते. तार ढिली झाली की निपल आपोआप सुटत जातं, तिचं ओझं शेजारणीवर आणि मग शेजारीण तुटते. जाड तारेला तिच्या जाडीच्या मानानं ताण द्यावा, तर सायकलीची रिंग तेवढी ओढ सोसत नाही, भोकाशी चिरते. आमच्या चाकात दोन्ही झालं होतं. दणकट म्हणून घातलेल्या तारा ढिल्या होत्या आणि रिंग फाटली होती.

तरी मी विचारलंच, कंपनीच्या मूळ तारा तर चौदाच्याच होत्या, त्या का तुटल्या? चाचा म्हणाले, त्या ओढलेल्याच नव्हत्या. मशीननं भरलेलं चाक, वरवर सरळ केलेलं. एक घट्ट, एक ढिली. चाक सरळ दिसतं, कारण घट्ट-ढिली एकमेकींना खेचून सरळ ठेवतात. "सरळ असणं येगळं आन् बांधलेलं असणं येगळं."

नवं चाक बांधायचं ठरलं. रिंग डबल वॉलची आणली, ३६ भोकांची. मोटर तीच. तारा चौदा नंबरच्या, स्टेनलेसच्या. त्या पुण्याहून मागवाव्या लागल्या, कारण लांबी वेगळी. साध्या सायकलीच्या मागच्या चाकाची तार फूटभराला थोडी कमी असते. मोटरचा तुंबा मोठा, ताटलीएवढा, म्हणून तार आखूड लागते, वीतभरच. चाचांनी दोन जुन्या तारा तोडून, रिंगेत घालून पट्टीनं माप काढलं, २१५ मिलिमीटर. पुतण्यानं मोबाइलवर गणित केलं, २१४ आलं. चाचा म्हणाले, पोराचं घ्या, आखूड बरी, लांब तार निपलच्या बाहेर येऊन ट्यूब फोडते.

मोटरच्या तुंब्याची भोकं जाड तारेच्या हिशेबानं मोठी पाडलेली होती. त्यात बारीक तारेचं डोकं खुळखुळणार आणि वळणावर पुन्हा मार बसणार. त्यासाठी प्रत्येक डोक्याखाली पितळेचं बारकं वॉशर घातलं, छत्तीसच्या छत्तीस. वॉशर घालत बसायचं काम सूनबाईनं केलं. मी निपलच्या आट्यांना तेल लावत होतो. चाचा कुठलं तेल वापरतात ते ऐकून मला बरं वाटलं. जवसाचं. आमच्या शाळूच्या रानात कडेनं जवसाच्या ओळी असायच्या, चटणीपुरत्या. जवसाचं तेल ओलं असताना आटे गुळगुळीत फिरतात आणि काही दिवसांनी ते वाळून चिकट होतं, मग निपल हादऱ्यानं सुटत नाही. रंगारी लाकडाला लावतात तेच हे तेल.

तारा भरणं हे बघण्यासारखं काम. एक तार आतून, एक बाहेरून. एक पुढं झुकलेली, एक मागं. साध्या सायकलीत प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना ओलांडते, त्याला तीन क्रॉस म्हणतात. आमच्या कंपनीच्या चाकातही तीनच होते. चाचांनी एकच क्रॉस ठेवला. तुंबा मोठा आणि तार आखूड असली की तीन क्रॉसनं तार रिंगेशी फार तिरकी पोचते, निपलपाशी वाकते आणि आट्यांत तुटते. मी विचारलं, मग सरळच का नाही घालत, क्रॉसच नको. तर म्हणाले, मोटर चाकाला फिरवते ती तुंब्यातून. तारा सरळ उभ्या असल्या तर तुंबा आधी मुरगळेल आणि मग रिंग फिरेल. तिरकी तार मात्र दोरी ओढल्यासारखी रिंगेला ओढते. पुतण्या सांगत होता की तारांच्या चाकाची कल्पना जॉर्ज केली या इंग्रजानं १८०८ साली काढली, तीसुद्धा उडायच्या यंत्राचं वजन कमी व्हावं म्हणून. आणि तारा अशा तिरक्या भरण्याचं पेटंट जेम्स स्टार्लीनं १८७४ मध्ये घेतलं. दीडशे वर्षं झाली, अजून तीच तऱ्हा आहे. आमच्या सुतारालाही कुणी पेटंट विचारलं नव्हतं.

मग ताण द्यायला सुरुवात. इथं चाचा घाई करू देत नाहीत. सगळी निपलं सारख्या आट्यांवर आणायची आणि मग चाकाभोवती फिरत प्रत्येकाला अर्धा फेरा, पुन्हा पहिल्यापासून अर्धा. तारेला इंचात ५६ आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला तार अर्धा मिलिमीटरही ओढली जात नाही. तरी शेवटी शेवटी पाव फेरासुद्धा जास्त होतो. निपल फिरवताना तारही थोडी पिळते. म्हणून चावी जराशी पुढं न्यायची आणि तेवढीच मागं आणायची, नाहीतर रस्त्यावर गेल्यावर पीळ सुटतो आणि चाक वाकडं होतं. रिंग डावी-उजवीकडं जाते का बघायला चिमट्याशी खडू धरायचा. जिथं खडू लागेल तिथं त्या बाजूची तार सैल करायची किंवा समोरच्या बाजूची ओढायची. हा झाला आउट. उंच-सखल वेगळं, ते आधी बघायचं. आणि रिंग दोन्ही नटांच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे, ते तिसरं.

उजव्या बाजूला चेनचा दाता असतो, त्यामुळं त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या बसतात आणि जास्त घट्ट लागतात. त्यांचा आवाज डावीकडच्यांपेक्षा चढा येतो. तो तसाच यायला पाहिजे. उजवीच्या उजवीशी जुळाव्यात, डावीच्या डावीशी. दोन्ही बाजू एका सुरात आणायला जाल तर चाक एका अंगाला सरकेल.

चाक सरळ झालं असं मला वाटलं, तेव्हा चाचांनी जवळजवळच्या दोन-दोन तारा मुठीत धरून जोरानं दाबायला सुरुवात केली. सगळ्या चाकाच्या. तारा टिकटिक करत बसल्या. नव्या तारेचं वळण तुंब्यावर नीट टेकलेलं नसतं, ते या दाबण्यानं टेकतं आणि वळणात कारखान्यापासून अडकलेला ताण निघून जातो. नेमकं त्याच जागी आमच्या पहिल्या तारा तुटल्या होत्या. दाबून झाल्यावर चाक पुन्हा थोडं वाकडं झालं. पुन्हा आउट काढला, पुन्हा दाबलं. असं तीनदा. दुपारी दोनला बसलो होतो, दिवे लागले. मजुरी सांगितली चारशे. मी पाचशे दिले, तर शंभर परत केले.

चाक बसवताना आणखी एक गोष्ट करावी लागली. मोटर चाकाला पुढं ढकलते तेव्हा तिचा आस उलटा फिरायला बघतो. आसाची दोन अंगं चपटी केलेली असतात, ती चिमट्याच्या खाचेत अडकून त्याला धरतात. नट सैल पडला आणि खाच झिजली, की आस गरकन फिरतो आणि मोटरची वायर पीळ पडून तुटते. त्याला आधार म्हणून पोलादी पट्टीचा हात मिळतो, टॉर्क आर्म म्हणतात. आमच्या सायकलीला नव्हता. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सहा मिलिमीटरच्या पट्टीचा कापून घेतला, आसाच्या चपट्या अंगाला घट्ट बसेल असं भोक कानशीनं करून. पट्टीचं दुसरं टोक चिमट्याच्या दांडीला क्लिपनं आवळलं.

त्यानंतर सांभाळणं. ते सूनबाईच करते, मी नुसता बघतो. नवं चाक शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा आउट बघून घ्यायला चाचांनी बजावलं होतं. आमच्या हिशेबानं तो आठवडा. ती सातव्या दिवशी गोठ्यातच सायकल उलटी करून बसली, चिमट्याला प्लॅस्टिकची पट्टी बांधली, तिचं टोक रिंगेपर्यंत आणलं आणि चाक फिरवलं. दोन ठिकाणी घासलं. निपलची चावी चाचांकडून पन्नास रुपयांना घेतली होती. पाव-पाव फेऱ्यात काढलं. तेव्हापासून दर पंधरवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी, ती तारा छेडते. गायी सुरुवातीला कान टवकारायच्या, आता नाही.

हवेचं मी तिला सांगितलं. मागच्या चाकात पन्नास पौंडांच्या खाली हवा जाऊ द्यायची नाही. हवा कमी असली की दगडाचा मार टायर न खाता रिंग खाते. तिनं डेअरीजवळच्या दुकानातून मीटरचा पंप घेतला, कारण अंगठ्यानं दाबून हवा ओळखायची माझी पद्धत तिला पटत नाही. आमच्या रस्त्याला वेड्या बाभळीचा काटा आहे. मोटरचं चाक सोडायचं म्हणजे वायर, नट, टॉर्क आर्म, ब्रेकची डिस्क, चेन, एवढा कुटाणा. म्हणून पंक्चर चाक न काढताच काढायचं. काटा सापडला की तेवढाच टायर एका बाजूनं उचकटायचा, ट्यूबचा तेवढा भाग बाहेर ओढायचा, घासून चिकटवायचा आणि परत आत ढकलायचा.

गोठ्यातल्या सायकलीला गंज फार लवकर धरतो. शेण, मूत आणि युरियाचं पोतं, तिन्ही धातूचे वैरी. तारा स्टेनलेसच्या असल्या तरी निपल पितळेचं आणि रिंग ॲल्युमिनियमची. निपल रिंगेत जाम झालं तर चावी फिरवताना तारच पिळून तुटते. म्हणून आता सायकल गोठ्यात ठेवत नाही, पडवीत ठेवते. धुताना बादलीच्या पाण्यानं धुते. शेजारच्या पोरानं एकदा मोटारसायकल धुवायचा जोराचा पाइप आणला होता, तिनं त्याला तुंब्याजवळ येऊ दिलं नाही. वायर आत जाते तिथून पाणी मोटरमध्ये शिरतं.

चढावर सुरुवातीला पायडल मारून मग मोटर घ्यायची, जागेवरून एकदम मोटरनं खेचायचं नाही, हेही तिचं तिनंच ठरवलं. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "मामा, आवाज येतो तारांचा. तिला जोर पडतो." मला तो आवाज येत नाही. माझे कान ट्रॅक्टरनं घालवले.

त्या चाकाला या माघात दोन वर्षं होतील. दिवसाला सोळा किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरचा खड्डा पाण्याखाली गेला होता, त्यात चाक जोरात आपटलं आणि रिंगेला एका जागी दणका बसला, तर दोन तारा बदलल्या. एरवी एकही तुटलेली नाही. वर्षाअखेर चाचा तपासायला आले होते. सगळ्या तारा छेडून झाल्यावर चष्मा वर करून सूनबाईला म्हणाले, "पोरी, डाव्या अंगाची हवेच्या नळीपासनं तिसरी बघ." तिनं बघितली. किंचित उतरलेली होती. तिनं पाव फेरा दिला, त्यांनी मान हलवली.

चाचांचं दुकान आता आठवड्यातून दोन दिवस उघडतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण बारीक काम होत नाही म्हणतात. त्यांनी त्यांचं लोखंडी स्टँड सूनबाईला दिलं, ज्यात चाक बसवून फिरवतात ते. पैसे घेतले नाहीत, पण दर महिन्याला दोन किलो तूप पोचवायचं ठरलं आहे. किलोचा भाव बघता चाचांनी सौदा चांगला केला.

गावात आता विजेवरच्या सहा सायकली झाल्या. त्यातल्या चार शाळेला जाणाऱ्या मुलींच्या, एक पोस्टमनची, एक त्या शेजारच्या वस्तीवरच्या पोराच्या आईची. चाकं आमच्या पडवीत येतात. आउट काढायचे पन्नास, चाक नव्यानं बांधायचे चारशे. पोराच्या आईचं चाक पहिल्यांदा आलं तेव्हा मी म्हणालो, शेजारी आहेत, पैसे नको घेऊस. "घेणार," ती म्हणाली, आणि नखानं पहिली तार छेडली.